गप्प बसलेल्या वर्गाला बोलतं कसं करावं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका पदवी महाविद्यालयात दोन वर्षांपासून पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या अतिथी प्राध्यापकांचा प्रश्न आहे. वर्गात 80 मुलं. निम्मी मराठी माध्यमातून आलेली, बरीचशी कन्नडमधून, थोडी उर्दू आणि इंग्रजीतून. शिकवायचं इंग्रजीत. अध्यापनाच्या नव्या पद्धतींवरची दोन प्रशिक्षणं त्यांनी केली, पण तिथं जे दाखवलं ते स्मार्ट बोर्ड आणि वायफाय असलेल्या वर्गासाठीच होतं. ‘मी प्रश्न विचारला की वर्ग मान खाली घालतो. अशा वर्गात मी नवीन काय करू?’ असं त्यांनी विचारलं आहे.

सर, मी बेळगावात 29 वर्षं हाच विषय शिकवते आहे, म्हणून आधी त्या खाली गेलेल्या मानांबद्दल बोलते. आपल्याकडचं मूल दहावीपर्यंत मराठीत किंवा कन्नडमध्ये शिकतं. पीयूसीची, म्हणजे अकरावी-बारावीची, दोन वर्षं ते इंग्रजी वाक्यं पाठ करून काढतं. बी.एस्सी.ला येईपर्यंत त्याच्या डोक्यात विज्ञानाची दोन कपाटं तयार झालेली असतात. एकात परीक्षेला लिहायची इंग्रजी वाक्यं, दुसऱ्यात त्याला स्वतःला खरोखर जे वाटतं ते, घरच्या भाषेत. आपण इंग्रजीत प्रश्न टाकला की ते पहिलं कपाट उघडून बघतं. तिथं नेमकं वाक्य सापडलं नाही की मान खाली जाते. दुसऱ्या कपाटाला आपण हातच लावलेला नसतो. नवी पद्धत कुठलीही आणा, मी तिला एवढंच विचारते की यानं ते दुसरं कपाट उघडेल का? उघडत असेल तर फळा आणि खडू पुरतो.

हे कळायला मला बारा वर्षं लागली. तोवर ‘वर्गात फक्त इंग्रजी’ असा माझा नियम होता. हेतू चांगला होता, पुढं एम.एस्सी.ला आणि मुलाखतीला इंग्रजी लागणारच. जांबोटीकडून पहाटेच्या बसनं येणारी एक मुलगी प्रॅक्टिकलला सगळ्यांत नेमकी होती, मायक्रोमीटरचं रीडिंग तिचं कधी चुकायचं नाही. वर्गात मात्र त्या नियमामुळं ती गप्प असायची. वर्ष संपताना मी कारण विचारलं तर म्हणाली, “मॅडम, प्रश्न मराठीत येतोय की डोक्यात. त्याचं इंग्रजी करूपर्यंत तुम्ही पुढं गेलेला असता.” तो नियम मी त्याच आठवड्यात काढून टाकला. तिच्या वाट्याचं एक अख्खं वर्ष मात्र गेलंच, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. हार्वर्डमध्ये पदार्थविज्ञान शिकवणारे एरिक माझुर यांना विद्यार्थी चांगले शेरे द्यायचे, गणितंही बिनचूक सोडवायचे. मग डेव्हिड हेस्टेनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेली, आकडेमोड अजिबात नसलेली, फक्त समज तपासणारी चाचणी माझुर यांनी वर्गाला दिली. तेव्हा एका विद्यार्थिनीनं विचारलं, की उत्तर तुम्ही शिकवलंत तसं लिहू की मला वाटतं तसं? म्हणजे कपाटं तिथंही दोनच होती. आपल्या मुलांच्या कपाटांच्या भाषासुद्धा वेगळ्या, एवढा फरक. त्यानंतर 1991 पासून माझुर यांनी व्याख्यान मध्येच थांबवून मुलांना शेजाऱ्याशी वाद घालायला लावायची पद्धत सुरू केली. आपल्या वर्गांना तिच्याइतकी लागू पडणारी दुसरी पद्धत मी पाहिलेली नाही, म्हणून तीच नीट सांगते.

न्यूटनचा तिसरा नियम घ्या. फळ्यावर प्रश्न लिहायचा : उसानं भरलेली ट्रॉली आणि मोटारसायकल यांची धडक झाली. धडकेच्या क्षणी (अ) ट्रॉलीनं मोटारसायकलवर लावलेलं बल जास्त, (ब) मोटारसायकलनं ट्रॉलीवर लावलेलं बल जास्त, (क) दोन्ही सारखी, (ड) ट्रॉली उभी असेल तर बल फक्त मोटारसायकल लावते. प्रश्न इंग्रजीत लिहा, पण तोंडी एकदा मराठीत आणि एकदा कन्नडमध्ये सांगा. कन्नड येत नसेल तर वर्गातल्याच कुणाला तरी सांगायला लावा. मग दोन मिनिटं पूर्ण शांतता. प्रत्येकानं आपलं उत्तर वहीत लिहायचं आणि त्यानंतरच कार्ड धरायचं.

ही कार्डं जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची करा. चार तुकडे, त्यांवर चार अक्षरं, प्रत्येक मुलाला एक संच. मी कित्येक वर्षं हेच वापरते आहे. कार्ड छातीशी धरायचं, म्हणजे फक्त तुम्हाला दिसतं. हात वर करायला लावू नका. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाचा हात बघून मागचे चाळीस हात वर जातात आणि तुम्हाला खोटं समाधान मिळतं.

आता नजर फिरवून अंदाज घ्यायचा. बरोबर उत्तरं 30 टक्क्यांच्या खाली असतील तर चर्चेला सोडू नका, थोडं शिकवून पुन्हा विचारा. 70 च्या वर असतील तर दोन वाक्यांत खुलासा करून पुढं जा. मधे असतील तर ज्याचं उत्तर आपल्यापेक्षा वेगळं आहे असा शेजारी शोधून त्याला पटवायला सांगा, तीन मिनिटं, कुठल्याही भाषेत. ट्रॉलीच्या प्रश्नाला माझ्या वर्गात दरवर्षी ‘अ’ धरणारेच भरपूर असतात.

या तीन मिनिटांत खुर्चीवर बसू नका. बाकांमधून फिरा आणि ऐका. बरोबर उत्तर सांगायचा मोह आवरा. “ट्रॉलीला काय झालं नाही की, मग सारखं कसं?” असं कुणीतरी हमखास म्हणतं. हे वाक्य दुसऱ्या कपाटातलं आहे. बल आणि बलाचा परिणाम यांची गल्लत नेमकी कुठं होते ते त्यानं तुम्हाला दाखवलं. मग फळ्याकडं येऊन सांगा की बल सारखंच, पण 10,000 किलोच्या ट्रॉलीपेक्षा स्वारासकट 200 किलोच्या मोटारसायकलला मिळणारं त्वरण 50 पट. ज्याच्या मनात तो प्रश्न आत्ताच येऊन गेला त्याला हा 50 चा आकडा लागतो. प्रश्न पडण्याआधी सांगितलेलं स्पष्टीकरण नुसतं वहीत उतरतं.

पुन्हा कार्डं, पुन्हा मोजणी. यानंतरची पायरी आपल्या भागासाठी मी जोडली आहे आणि ती गाळू नका. प्रत्येकानं आपलं कारण एका इंग्रजी वाक्यात लिहायचं. बोलणं कुठल्याही भाषेत, शेवटचं वाक्य इंग्रजीत. पेपर इंग्रजीत असतो, त्यातून सुटका नाही. पण समजलेल्या गोष्टीचं इंग्रजी वाक्य मूल स्वतः जोडतं आणि तेच त्याला पेपरात आठवतं. वेल्स देशात केन विल्यम्स यांनी वेल्श आणि इंग्रजी अशा दुभाषी वर्गांसाठी हाच मार्ग मांडला होता, एका भाषेत घ्यायचं आणि दुसऱ्या भाषेत मांडायचं. आपल्याकडं बाजारात, बसमध्ये माणसं दिवसभर हेच करतात. वर्गाच्या दारातच ते का थांबावं?

आता एक प्रसंग सांगते. त्यानंतर माझं शिकवणं बदललं. प्रश्न साधा होता : 100 वॅटचा दिवा 10 तास लावला. त्यावर बोलताना मी सहज म्हटलं, “दिव्याची शक्ती किती?” चंदगडहून येणारी, महाराष्ट्रात मराठी माध्यमातून शिकलेली मुलगी म्हणाली 100 वॅट. तिच्या शेजारचा बैलहोंगलचा कन्नड माध्यमातला मुलगा म्हणाला एक किलोवॅट-तास. दोघंही हटायला तयार नाहीत. मी त्याला चूक ठरवणार होते, तेवढ्यात तो म्हणाला, “मॅडम, शक्ती म्हणजे एनर्जीच की.” आणि तो बरोबर होता. मराठी पुस्तकात शक्ती म्हणजे पॉवर आणि एनर्जीला ऊर्जा. कन्नड पुस्तकात शक्ती म्हणजे एनर्जी आणि पॉवरला सामर्थ्य. एकाच बाकावर एकाच शब्दाचे दोन अर्थ बसले होते, दोन्ही आपापल्या जागी अचूक, आणि मी कित्येक वर्षं एका अर्थाला चुकीची खूण करत आले होते.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर मोठा कागद लावला. चार रकाने : मराठी, कन्नड, इंग्रजी आणि एकक. बलाला दोन्हीकडं बलच. दाबाला कन्नडमध्ये ओत्तड. मराठीतली चाल (स्पीड) ती कन्नडमधला जव. वाद झाला की निवाडा एककानं करायचा, ज्यूल की वॅट? हेस्कॉमच्या वीजबिलावरचं युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल, हे त्याच कागदापाशी उभं राहून मुलांनी काढलं. कागद मुलंच भरतात, उर्दू माध्यमातली मुलं आली की पाचवा रकाना वाढतो. कुठली भाषा आधी, हे मी दर सेमिस्टरला बदलते. भाषेवरून बाहेर काय काय होतं ते आपण दोघंही जाणतो. वर्गात मात्र शेजाऱ्याची भाषा प्रश्न सोडवायला कामी येते हे मुलांना अनुभवानं कळावं, एवढी काळजी मी मनापासून घेते.

गट करतानाही हेच बघा. रोल नंबरनं गट केले की एका गावची, एका माध्यमाची मुलं एकत्र पडतात. अमेरिकेत ऑस्टिन शहरात 1971 मध्ये गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या शाळा एकत्र झाल्यावर वर्गांत तेढ वाढली होती. तेव्हा एलियट अ‍ॅरन्सन यांनी धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येकाला एकेक तुकडा दिला. प्रत्येकाकडचा तुकडा जोडल्याशिवाय धडा पुराच होत नाही, त्यामुळं प्रत्येकाचं ऐकावंच लागतं. मी प्रकरणाच्या शेवटी उजळणीला हे करते, चारचा गट, किमान दोन माध्यमं. रोज करू नका, वेळ फार खातं.

प्रश्न विचारल्यावर थांबायचं किती? मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या वर्गांत मोजलं तेव्हा शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब आणि कारणांसह येऊ लागली. आपल्या मुलाला मधे भाषांतरही करायचं असतं. मी मनात दहापर्यंत मोजते. सुरुवातीला ते दहा आकडे फार जड जातात, पण सातव्या-आठव्या आकड्याला कुणीतरी मान वर करतं.

तास सुरू करताना पाच मिनिटं आठवणीला द्या. वही बंद, मागच्या तासाचे दोन प्रश्न आणि महिन्यापूर्वीचा एक. गुण द्यायचे नाहीत. मुलं धडा चार वेळा वाचतात आणि वाचलेलं ओळखीचं वाटतं म्हणून आलं असं समजतात. रोडिगर आणि कार्पिकी यांनी 2006 मध्ये हे तपासलं. चार वेळा वाचणारे पाच मिनिटांनंतर पुढं होते, 83 टक्के. एकदा वाचून तीन वेळा आठवून लिहिणारे 71 वर. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं आणि आठवणाऱ्यांना 61. हे आकडे मी पहिल्या आठवड्यात मुलांना फळ्यावर लिहून दाखवते, कारण ‘रोज परीक्षा का?’ हा प्रश्न येतोच. बॅकलॉग असलेल्या मुलांना याचा सर्वांत जास्त फायदा होताना मी पाहिलं आहे.

तास संपताना चिठ्ठी. ‘आज काय कळलं नाही’ ते एका ओळीत, नाव न घालता, हव्या त्या लिपीत. कन्नड चिठ्ठ्या वाचण्यासाठी मी वयाच्या चाळिशीत ती लिपी शिकले. दोन महिन्यांत वाचण्यापुरती आली. तुम्हीही शिका, मुलांना त्याचं काय वाटतं ते शब्दांत सांगता येणार नाही. पुढचा तास त्यातल्या दोन चिठ्ठ्या वाचून सुरू करायचा. 80 चिठ्ठ्या चाळायला वीस मिनिटं लागतात, मी त्या घरी चहा पिताना चाळते.

व्हिडिओ घरी बघून यायचे आणि वर्गात गणितं सोडवायची, ही पद्धतही तुम्हाला प्रशिक्षणात सांगितली असेल. कल्पना चांगली आहे, पण कणकुंबीच्या बाजूला रेंज जाते-येते आणि मुलं संध्याकाळी घरी पोचली की शेतात, गोठ्यात लागतात. मी सहा मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते. मुलं कॉलेजातच उतरवून घेतात आणि बसमध्ये ऐकतात. सोबत दोन पानांचं हातानं लिहिलेलं टाचण, झेरॉक्सला सोडलेलं. सहा मिनिटांच्या वर गेलात तर कुणी ऐकत नाही, हे नक्की.

प्रॅक्टिकलबद्दल थोडं जास्त बोलायचं आहे, कारण तिथं आपण मुलांना नकळत खोटं शिकवतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर आहे. इथं पाणी 100 अंशांना उकळत नाही, 97.5 च्या आसपास उकळतं. मुलं थर्मामीटरवर 97 किंवा 98 बघतात आणि जर्नलमध्ये 100 लिहितात, कारण पुस्तकात 100 आहे. किती वर्षं मी त्या जर्नलांवर सही केली! आता प्रयोगाआधी प्रत्येकाला अंदाज लिहायला लावते, कारणासहित. मग मोजायचं. मग अंदाज आणि मोजमाप यांतल्या फरकावर बोलायचं. “थर्मामीटर खराब आहे” असं कुणीतरी म्हणतंच. दुसरा थर्मामीटर द्यायचा, तिसरा द्यायचा. तीनही तेच सांगू लागले की वर्गाचा चेहरा बघण्यासारखा होतो. मग कुणीतरी हवेच्या दाबापर्यंत पोचतं, कुणी कुकरपर्यंत. अंदाज चुकला म्हणून गुण कापायचे नाहीत. कापले तर पुढच्या वेळी सगळे जण आधी मोजून मग अंदाज लिहितील.

उपकरणं नाहीत म्हणता, तर गटात एक मोबाइल पुरतो. फायफॉक्स नावाचं मोफत अ‍ॅप जर्मनीतल्या आखेन विद्यापीठानं केलं आहे, ते फोनमधल्या संवेदकांना मोजमापाची साधनं बनवतं. व्हरांड्यात 10 मीटरवर दोन फोन ठेवा, आवाजावर चालणारं घड्याळ दोन्हींत लावा. एकानं पहिल्या फोनशी टाळी वाजवायची, मग दुसऱ्यानं दुसऱ्या फोनशी. दोन्ही फोनवरच्या वेळांत साधारण 0.058 सेकंदाचा फरक येतो, आणि 20 मीटरला त्यानं भागलं की ध्वनीचा वेग हातात. अंतर 20 मीटर का घ्यायचं, 10 का नाही, हे मुलांनाच शोधू द्या. तो अर्धा तास कारणी लागतो.

आता तुमच्या मनातली भीती. अभ्यासक्रम कसा पुरा होणार? प्रत्येक तासाला एकच कार्डाचा प्रश्न घ्या. दहा मिनिटं जातात. ती भरून काढायला व्याख्या आणि सिद्धता लिहून देणं बंद करा, त्या झेरॉक्सवर जाऊ द्या. प्राचार्यांनी विचारलं तर स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित विषयांतल्या 225 अभ्यासांचा एकत्र घेतलेला आढावा त्यांच्यापुढं ठेवा. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सरासरी 33.8 टक्के होतं. मुलांना वर्गातच कामाला लावणाऱ्या वर्गांत ते 21.8 होतं.

मुलांची तक्रार मात्र येणार. ‘सर शिकवतच नाहीत, आम्हालाच बोलायला लावतात.’ अतिथी प्राध्यापकाला अशा तक्रारीची धास्ती जास्त असते, हे मला माहीत आहे. हार्वर्डमध्ये 2019 मध्ये डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी हेच पाहिलं. स्वतः कामाला लागलेली मुलं चाचणीत पुढं होती, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. छान व्याख्यान ऐकताना सगळं सोपं वाटतं, स्वतः डोकं चालवताना अडखळायला होतं, आणि अडखळणं म्हणजे न येणं असं मूल धरतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात हे त्यांना मोकळेपणानं सांगा आणि पहिल्या इंटरनल परीक्षेनंतर पुन्हा सांगा, त्यांचे गुण समोर ठेवून.

असाइनमेंटसाठी एआय वापरलं जातंच, तुम्हीही ते पाहत असाल. मी पकडापकडीत वेळ घालवत नाही. असाइनमेंट जमा करताना दोन मिनिटं तोंडी विचारते, मुलाच्या भाषेत. स्वतः लिहिलेलं नसेल तर पहिल्याच प्रश्नाला कळतं.

हे सगळं एकदम सुरू करू नका. या सेमिस्टरला फक्त कार्डं आणि चिठ्ठी. प्रश्न तयार करणं हेच खरं कष्टाचं काम आहे. चुकीचे पर्याय तुमच्या मनानं लिहू नका, जुन्या उत्तरपत्रिकांतल्या चुकांमधून उचला. वर्षभरात चाळीस प्रश्न जमले तरी पुष्कळ. शेजारच्या कॉलेजात तुमच्यासारखं कुणी असेल तर वाटून घ्या.

पहिल्या दिवशी कदाचित एकही कार्ड वर येणार नाही. माझ्याही वर्गात आलं नव्हतं. तेव्हा चिडू नका. अक्षर कागदावर लिहून घ्या, कागद गोळा करा, सगळ्यांसमोर मोजा आणि आकडे फळ्यावर लिहा. आपल्यासारखंच उत्तर आणखी वीस जणांनी लिहिलंय हे दिसलं, की दुसऱ्या दिवशी कार्डं निघतात. पहिला प्रश्न ट्रॉलीचाच घ्या. उसाचा हंगाम चालू असेल तर तुमच्या कॉलेजसमोरच्या रस्त्यावरूनही ट्रॉल्या जात असतील.